वाचकांचे प्रश्न : वसतिगृहाची खोली आणि मराठवाड्याचा उन्हाळा

प्रश्न : आम्ही नांदेडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. रात्री दहाला बाहेर बरं वाटतं, पण खोलीत पाय ठेवला की भट्टी. पंखा पाचवर असूनही झोप लागत नाही. काय करावं?

उत्तर : तुमच्या खोलीला दुपारच्या हवेपेक्षा स्लॅबचा त्रास जास्त आहे. मराठवाड्यात मेच्या मध्याला सूर्य जवळपास डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतींपेक्षा गच्चीच जास्त तापते. पाच इंची स्लॅबमधून ती उष्णता खाली यायला तीन-चार तास लागतात. म्हणून छताची खालची बाजू संध्याकाळी ते रात्री सगळ्यात गरम असते. दुमजली पलंगाच्या वरच्या बाजेवर उभं राहून रात्री नऊला छताखाली चार बोटांवर तळवा धरा, तव्यावर धरल्यासारखं वाटेल. पंखा छताखालची हीच गरम हवा खाली ढकलतो.

उपाय गच्चीवरच करायचा : तिला पांढरा चुना लावायचा, म्हणजे ऊन परत फेकलं जातं. तो स्वस्तही आहे. हजार चौरस फुटांना पंचवीस किलोची चुन्याची एक गोणी दोन हातांना (म्हणजे दोन थरांना) पुरते. चुना पाण्यात रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून घ्या. पातळ दुधाइतकं पाणी करून त्यात साधारण एक किलो फेविकॉल मिसळा. गच्ची झाडून, धुऊन, भेगा सिमेंटने बुजवून घ्या. चुना सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, गच्ची किंचित ओली करून लावा. पहिला हात आडवा, दुसरा दुसऱ्या दिवशी उभा. दुपारी लावला तर पाणी लगेच उडून जातं, चुना धरत नाही आणि आठवड्यात पायाला पिठासारखा लागतो. हातमोजे आणि चष्मा घालाच, चुना डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. गेलाच, तर भरपूर पाण्याने डोळा धूत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

याने वरच्या मजल्यावरच्या खोलीत साधारण दोन ते चार अंशांचा फरक पडतो. खालच्या मजल्यांना जवळपास काहीच नाही, तिथे हा खर्च करू नका. पावसात चुना वाहून जातो, तेव्हा दरवर्षी होळीच्या आधी पुन्हा लावावा लागतो. उन्हाळ्यात धुळीने पांढरेपणा मळतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी झाडू मारा. जास्त टिकाऊ हवा असेल तर गच्चीचा पांढरा रबरी रंग मिळतो, त्याला खर्च जास्त पण तो काही वर्षं टिकतो. गच्चीवरची काळी टाकीही पांढरी करा, नाहीतर रात्री आंघोळीला नळातून चटका देणारं पाणी येतं. जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात हाच प्रश्न जाड पांढऱ्या मातीने सोडवला होता. ती माती ऊन आत यायला इतका वेळ लावायची, की तोवर दिवस मावळायचा.

गच्चीवर पाणी शिंपडावं का? हजार चौरस फुटांवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे त्र्याण्णव लिटर. टँकरचं पाणी त्यासाठी मुळीच वापरू नका. वसतिगृहाच्या आरओमधून वाया जाणारं पाणी असेल तर संध्याकाळी जरूर मारा.

प्रश्न : परभणीत वसतिगृहाच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात की बंद? आणि एसी नसताना किती तापमान ठीक म्हणायचं?

उत्तर : दोन साधे थर्मामीटर घ्या, एक खोलीत आणि एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्याच्या वर गेला की खिडकी बंद, खाली आला की उघडी. मेमध्ये बंद करायची वेळ साधारण सकाळी नऊच्या आसपास, उघडायची संध्याकाळी साडेसात-आठला. पण चौघं खोलीत असताना सगळं कोंडू नका, दारावरचा झरोका उघडा राहू द्या.

आता मुख्य अडचण. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या असतात, आणि दार लावलं की खिडकी उघडी असूनही हवा फिरत नाही, कारण तिला बाहेर पडायला वाटच नसते. अगरबत्ती लावून खिडकीपाशी धरा. धूर जागच्या जागी घुटमळला तर हवा फिरत नाही, हे नक्की. दाराच्या वर फूटभर उंचीची जाळी किंवा दारात खालच्या बाजूला तिरप्या पट्ट्या बसवल्या तर आडोसाही राहतो आणि वाराही वाहतो. मात्र बोळाच्या टोकाच्या खिडक्या रात्री उघड्या राहिल्या पाहिजेत. चोरीच्या भीतीने त्या बंद केल्या जातात, तेव्हा तिथे लोखंडी जाळी बसवून घ्या. डासांची जाळी धुळीने भरली की वारा निम्म्यावर येतो, ती महिन्यातून एकदा धुवा. सरकत्या खिडकीची निम्मीच बाजू उघडते, त्यामुळे नव्या इमारतीत बाहेर उघडणाऱ्या झडपांच्याच मागून घ्या.

तापमानाचं म्हणाल, तर भारतीय कार्यालयांच्या पाहणीवर आधारलेलं एक सूत्र राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016 मध्ये आहे. नैसर्गिक हवेशीर इमारतीत सुखद तापमान म्हणजे बाहेरच्या अलीकडच्या सरासरी तापमानाच्या 0.54 पट अधिक 12.83. मेची सरासरी 33 धरली तर उत्तर साडेतीसच्या जरा वर येतं, आणि 33 पर्यंत बहुतेकांना चालतं. चोवीस अंशांचा हट्ट त्यामुळे अनाठायी आहे. रात्री आत 35 राहत असेल, तर मात्र तक्रार खरी आहे.

प्रश्न : लातूरला मुलींच्या वसतिगृहात चार खाटांमागे एक कूलर आहे. खोली चिकट होते, पाणीही पुरत नाही.

उत्तर : कूलर खोलीच्या आत ठेवला असेल. तो बाहेरून खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर आपलीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो 42 अंशांची हवा तिशीच्या आसपास आणतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

मोठा कूलर दुपारी तासाला पाच लिटरांहून जास्त पाणी पितो. आरओचं टाकाऊ पाणी यात घालू नका, त्याचे क्षार कूलरच्या गवतावर पांढरे बसतात आणि हवा अडते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, कडा ब्रशने घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटतात. लोखंडी कूलरला तीन पिनचा प्लग, चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) हवाच. पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

प्रश्न : पंखा मंद झालाय, नवा घ्यावा का?

उत्तर : आधी कपॅसिटर (पंख्याच्या मोटरला जोडलेला छोटा भाग) बदलून बघा. बहुतेक छताच्या पंख्यांना 2.5 एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) लागतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा आणा. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तीस वॅटच्या आसपासचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घ्या, लोडशेडिंगमध्ये तो जुन्या पंख्याच्या दुप्पट वेळ चालतो. हवा 35 च्या वर गेली की कोरड्या अंगाला पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा ओला पंचा खांद्यावर घ्या आणि पंख्याखाली बसा.