व्याख्या पाठ आहेत, पण क्लास सुचत नाही

‘एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, सगळ्यांच्या व्याख्या येतात. पण रिकामी फाइल उघडली की पहिला क्लास कोणता करायचा तेच कळत नाही. मला हे जमणारच नाही का?’

पायथॉन शिकायला लागून दोन महिने झालेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकणारे बरेच जण इथेच अडतात, आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नसतो. क्लास (एकत्र लागणारी माहिती आणि तिच्यावरची कामं यांचा साचा) हे कोणत्या अडचणीवरचं उत्तर आहे, हे अनुभवायच्या आधीच ते उत्तर पाठ करून घेतलेलं असतं.

तिने ग्रंथालयाचा प्रोग्रॅम दाखवला. नऊ क्लास. त्यात ‘पुस्तक’ हा क्लास ‘ग्रंथालय’पासून इनहेरिट केलेला, म्हणजे त्याचे गुण वारशाने घेणारा, कारण पुस्तक ग्रंथालयात असतं! अशा वेळी वाक्य मोठ्याने म्हणून बघावं: ‘पुस्तक हे एक ग्रंथालय आहे.’ कानाला खटकलं, म्हणजे इथे इनहेरिटन्स नाही. ग्रंथालयाकडे पुस्तकं आहेत, तेव्हा त्याच्या ऑब्जेक्टमध्ये (क्लासच्या साच्यातून बनलेल्या प्रत्यक्ष नगात) पुस्तकांची लिस्ट ठेवायची. (वाक्य पटलं म्हणून लगेच इनहेरिटन्स वापरावा असंही नाही. चौरस हा आयतच, पण आयताची रुंदी बदलताना उंची तशीच राहील असं धरून लिहिलेला कोड चौरसाला लावला की चुकतो.)

तिला खरा धसका बसला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका सभासदाला पुस्तक दिलं की ते दुसऱ्याच्याही नावावर दिसायचं. चूक एका ओळीत होती. पुस्तकांची रिकामी लिस्ट थेट क्लासमध्ये, सगळ्या मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) बाहेर लिहिलेली. अशी लिस्ट एकदाच तयार होते आणि सगळे ऑब्जेक्ट तीच वापरतात. कुणीही अपेंड केलं (लिस्टच्या शेवटी काही जोडलं) तरी भर त्याच लिस्टमध्ये पडते. सभासदांची नावं मात्र बरोबर येत होती, कारण ती इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) सेल्फवर, म्हणजे त्या-त्या ऑब्जेक्टवर, ठेवली होती. लिस्टची ओळही इनिटमध्ये नेली आणि तिच्याआधी ‘सेल्फ डॉट’ लावलं, प्रश्न मिटला. इनिटच्या कंसात डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देऊ नये; तीही एकदाच बनते आणि तोच घोळ पुन्हा होतो. शिवाय चाचणी नेहमी दोन ऑब्जेक्ट करून घ्यावी. एकच ऑब्जेक्ट असेल तर ही चूक दिसतच नाही.

मग नऊही क्लास बाजूला ठेवून तिला तीन साधी फंक्शन लिहायला सांगितली: पुस्तक देणे, परत घेणे, यादी दाखवणे. लिहून झाल्यावर तिचं तिलाच दिसलं, की सभासदाचं नाव, क्रमांक आणि पुस्तकांची लिस्ट ही तिकडी प्रत्येक फंक्शनला द्यावी लागतेय. जी माहिती अशी कायम जोडीने फिरते, तिचा क्लास करायचा. ‘सभासद’ तयार झाला आणि तिन्ही फंक्शन त्याच्या मेथड झाली. ‘एका वेळी तीनच पुस्तकं’ हा नियम ‘पुस्तक दे’ या मेथडमध्ये गेला. बाहेरून लिस्टला थेट अपेंड करायचं नाही हे तिने स्वतःच ठरवलं, कारण तसं केलं तर चौथं पुस्तक बिनबोभाट जातं. एन्कॅप्सुलेशनची, म्हणजे माहिती आणि तिचे नियम क्लासच्या आतच सांभाळण्याची, पाठ केलेली व्याख्या तिला तिथे समजली.

सध्या तिच्या प्रोग्रॅममध्ये ‘सभासद’ आणि ‘पुस्तक’ एवढे दोनच क्लास आहेत. इनहेरिटन्सची गरज अजून पडलेली नाही.