पाय स्वस्थ झोपू देत नाहीत? आधी एवढंच कर

अगं, घाबरू नकोस. पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, हेच ना? दुसऱ्या गरोदरपणात मीही रात्री दोन वाजता घरभर फेऱ्या मारायचे. शेवटच्या ३ महिन्यांत हे बऱ्याच जणींना होतं. बहुतेकींचं बाळंतपणानंतर आपोआप थांबतं.

पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना सांगणं, आणि फेरिटिन तपासायचं का ते विचारणं. ही शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो. मी नेमकी इथेच फसले, रिपोर्ट बघून निर्धास्त राहिले. लोहाची गोळी मनाने वाढवू नकोस. गोळीवर लगेच चहाही नको, लोह नीट शोषलं जात नाही.

बाकी सध्या इतकंच:
- दुपारनंतर चहा-कॉफी बंद. (मला हेच सगळ्यात जड गेलं.)
- झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटऱ्या ताण. मग कुणाकडून तरी चोळून घे.
- वळवळ सुरू झाली की दात-ओठ खात पडून राहू नकोस. ऊठ, चार पावलं चाल.

आणि झोपेसाठी सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी अजिबात नको. तिने त्रास उलट वाढतो.

एकच पाय सुजला, दुखतोय, लाल किंवा गरम लागतोय, तर ते वेगळं. लगेच डॉक्टर गाठ.