13बीचा मॅनिफोल्ड काउलिंगखाली बसवताना

प्रश्न थोडक्यात असा: 1987 च्या आरएक्स-7 गाडीतलं सहा-पोर्टचं (पोर्ट म्हणजे हवा आत येण्याचं तोंड), टर्बो नसलेलं माझदा 13बी हे दोन रोटरचं रोटरी इंजिन आरव्ही-6ए या घरी बांधायच्या छोट्या विमानावर बसवायचंय. गिअरबॉक्स 2.17 चा, म्हणजे इंजिनच्या 2.17 फेऱ्यांना प्रोपेलरची एक. गाडीचा मूळ इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा संच) काउलिंगमधून, म्हणजे इंजिनवरच्या झाकणातून, वर येतो, तर वरचा भाग कापून आखूड केला तर चालेल का?

इंजिन चालू होईल, उडेलही. पण त्या वरच्या भागाची लांबी माझदाने उगाच ठेवलेली नाही. एका रोटरचा पोर्ट उघडतो तेव्हा आत उरलेला एक्झॉस्ट दाबाखाली असतो. तो उलटा रनरमध्ये, म्हणजे पोर्टाकडे हवा आणणाऱ्या नळीत, घुसतो आणि दाबाची लाट सोडतो. ही लाट रनरमधून वर जाऊन दुसऱ्या रोटरच्या पोर्टाशी तो बंद होण्याच्या बेतात असताना पोचली, तर शेवटच्या क्षणी थोडी जास्त हवा आत कोंबली जाते. म्हणून जुळवायची असते ती एका पोर्टापासून दुसऱ्या पोर्टापर्यंतची पूर्ण वाट. एकाच रनरची लांबी धरून बसू नका.

हिशोब अवघड नाही. एक्सेंट्रिक शाफ्टवर (इंजिनच्या मुख्य दांड्यावर) अंशांची चकती लावा, पोर्टात टॉर्च मारून रोटरची कड बघा आणि पोर्ट कधी उघडतो, कधी बंद होतो ते स्वतः मोजा. समजा टीडीसीनंतर (रोटरचा कप्पा सर्वांत लहान असतो ती स्थिती) 32 अंशांना उघडतो आणि बीडीसीनंतर (कप्पा सर्वांत मोठा) 40 ला बंद होतो. रोटरीत टीडीसी ते बीडीसी शाफ्टचे 270 अंश असतात, म्हणजे बंद होणं 310 ला. दुसरा रोटर 180 अंशांनी पुढे, म्हणून त्याचा पोर्ट पहिल्याच्या हिशोबाने 130 ला बंद होतो. मधे उरले 98 अंश. 6000 आरपीएमला शाफ्ट सेकंदाला 36,000 अंश फिरतो, तेव्हा हाताशी 2.72 मिलिसेकंद. कोमट हवेत आवाजाचा वेग 350 मी/से धरला तर वाट 95 सेंमी. 7000 ला हीच 82 वर येते. तुमच्या गिअरबॉक्सवर 6000 म्हणजे प्रोपेलरचे 2765, त्यामुळे 6000 च्या आसपासच जुळवा.

यात दोन गोष्टी राहून जातात. हाउसिंगच्या आतला मार्गही या 95 मध्ये मोजायचा. वाकवलेली तार घालून मोजता येतो. आणि लाटेचा माथा पोर्ट उघडल्यानंतर जरा उशिरा येतो, शिवाय तो बंद होण्याच्या थोडा आधी पोचायला हवा, म्हणून प्रत्यक्षात लांबी हिशोबापेक्षा दहाएक टक्के कमीच लागते. सुरुवात लांबीने करा आणि मधे होजचा जोड ठेवा, म्हणजे कापून कमी करता येईल. मधला प्लेनम, म्हणजे रनर जिथे एकत्र येतात तो डबा, लहान ठेवा. मोठ्या डब्यात लाट विरून जाते.

सहा-पोर्टचा घोळ वेगळा आहे. टोकाच्या पोर्टांतल्या फिरत्या स्लीव्हज (पोर्ट उघडझाप करणारी नळकांडी) 1986-88 च्या इंजिनांत एक्झॉस्टच्या दाबावर उघडतात. विमानाच्या मोकळ्या पाइपात तो दाब मिळत नाही. त्यांना फिरवणारे अॅक्च्युएटर खालच्या मॅनिफोल्डवर आहेत, तेव्हा तो काढलात की स्लीव्हज धरून ठेवायला काही उरत नाही. त्या उघड्या स्थितीत कायमच्या पक्क्या करा, किंवा काढून तिथली पोकळी भरणारा तुकडा बसवा. प्रोपेलरला कमी आरपीएमच्या टॉर्कची गरज नाही, त्यामुळे तोटा काहीच नाही. फक्त हा पोर्ट उशिरा बंद होतो. फरक 30 अंशांचा निघाला तर 6000 ची वाट सव्वा मीटरच्या जवळ जाते. म्हणून आधी मोजा, मगच नळी कापा.

नळीचा व्यास: एका रोटरला आतून 32 आणि 38 मिमीच्या दोन नळ्या म्हणजे क्षेत्रफळात 50 मिमीची एकच नळी. दर फेरीला 1308 सीसीप्रमाणे 6000 ला मिनिटाला साधारण 7850 लिटर हवा लागते. 65 मिमीच्या थ्रॉटलमधून ती 40 मी/से च्या आतबाहेर जाते, ते ठीक आहे. त्याहून लहान थ्रॉटल नको.

फ्लॅंज 10-12 मिमीच्या 6061 अॅल्युमिनियमच्या प्लेटचा करा. भोकं निव्वळ गॅस्केटवरून आखू नका, हाउसिंगशी ताडून बघा. वेल्डिंग करताना फ्लॅंज जाड पोलादी प्लेटला बोल्टने आवळलेला हवा, तरीही तो थोडा वाकतोच. शेवटी मिलिंग करून सपाट करा; सरळ पट्टीखाली 0.1 मिमीचा फीलर गेज जाता कामा नये. वेल्डचे आतले मणी घासून नळी धुवून काढा. सुटलेला एक मणी एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची सीलपट्टी) मोडायला पुरेसा आहे. याच कारणाने थ्रॉटलच्या पाकळीचे स्क्रू मागून ठोकून पक्के करा.

प्राथमिक इंजेक्टर मधल्या हाउसिंगमध्येच आहेत, ते तसेच राहू द्या. दुय्यम दोन नव्या रनरवर लागतील. मिनिटाला 460 सीसी देणारे मूळ दोनच इंजेक्टर 80 टक्के ड्युटीवर (80 टक्के वेळ उघडे) तासाला 44 लिटर पेट्रोल देतात, म्हणजे ढोबळमानाने 140 अश्वशक्ती. एक जोडी गेली तरी घरी यायला तेवढं पुरतं.

होज साध्या सिलिकॉनचा घेऊ नका, पेट्रोलने तो फुगतो. नायट्राइल किंवा फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला घ्या, नळीच्या टोकांना उंचवटा काढा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. थ्रॉटल बॉडीचा आधार इंजिनलाच द्यायचा. फायरवॉलला बांधलात तर जोड हादऱ्याने तडकेल. गाडीच्या थ्रॉटलची स्प्रिंग केबल तुटल्यावर पाकळी बंद करते. विमानात उलट हवं: केबल तुटली तर थ्रॉटल पूर्ण उघडला पाहिजे. ही स्प्रिंग बदलायची हमखास राहते.

एक्झॉस्ट इनटेकच्या अगदी खालीच निघतो आणि रोटरीचा एक्झॉस्ट 900 अंशांच्या घरात असतो, त्यामुळे मधे पत्र्याची ढाल हवीच. थ्री-डी प्रिंटेड प्लास्टिकचं नाव काढू नका. मार्च 2025 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायर विमानतळावर कोझी मार्क 4 जातीचं एक छोटं विमान उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. इंजिन पिस्टनचं होतं, पण इनटेकचा छापलेला कोपर उष्णतेने मऊ होऊन आत पिचला होता. तपासणीत त्याचं प्लास्टिक जेमतेम 53-54 अंशांना मऊ पडू लागत होतं.

गळतीची चाचणी मॅनिफोल्ड इंजिनवर चढवायच्या आधीच करा: फ्लॅंजवर बंद प्लेट, थ्रॉटलच्या तोंडाला बूच, आत 0.2 बार हवा आणि जोडांवर साबणाचं पाणी. हे नंतर जमत नाही, कारण रोटर कसाही उभा असला तरी एखादा पोर्ट उघडाच असतो. एका रोटरकडे गळती असेल तर आयडलला इंजिन हलतं आणि पूर्ण थ्रॉटलला गप्प होतं, त्यामुळे लोक इग्निशनला दोष देत बसतात.

जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा इंच पाऱ्याने कमी असेल तर छान. एक इंच कमी म्हणजे तीनेक टक्के ताकद गेली. फिल्टर, थ्रॉटल किंवा एखादा वळसा अडतोय. रनरची लांबी बदलल्यावर तोच फिक्स्ड-पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर ठेवून स्थिर आरपीएम मोजा. ताकद आरपीएमच्या घनाने वाढते, म्हणून 6000 वर शंभर आरपीएम जास्त मिळाले तर ते पाच टक्के झाले. मात्र तुलना एकाच तापमानाला करा, सकाळची थंड हवा दुपारच्या हवेपेक्षा आपणहूनच जास्त ताकद देते.