विमानतळाच्या पाससाठीच्या पडताळणीत नेमकं काय बघतात? मिटलेली जुनी केस फॉर्ममध्ये लिहावी का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: कार्गो टर्मिनलवर लोडर म्हणून निवड झाली आहे, कंपनीने एअरपोर्ट एंट्री परमिटसाठी, म्हणजे विमानतळाच्या पाससाठी, लांबलचक फॉर्म भरायला दिला आहे. गेल्या काही वर्षांत तुम्ही तीन भाड्याच्या खोल्या बदलल्या, मध्ये सात महिने काम नव्हतं, आणि 2019 मध्ये गावी झालेल्या भांडणाची केस पुढे लोक अदालतीत मिटली. सोबतची मुलं म्हणतात, 'केसचं काही लिहू नकोस.'

मी पास सेक्शनचे कागद रोज हाताळतो, त्यामुळे आधी याच मुद्द्याचं सांगतो. लिहा. पण त्याआधी फॉर्ममधला प्रश्न शब्दन् शब्द वाचा. 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का', 'कधी अटक झाली आहे का', 'सध्या खटला चालू आहे का' आणि 'कधी शिक्षा झाली आहे का' हे चार वेगळे प्रश्न आहेत. एफआयआर झाला असेल तर पहिल्याचं उत्तर 'होय'. लोक अदालतीत तडजोड झाली असेल तर शेवटच्या दोघांचं 'नाही', कारण कायद्याने आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यात तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. सगळ्याच रकान्यांत सरसकट 'नाही' ठोकून दिलं की खरा घोटाळा सुरू होतो.

लपवून उपयोग नाही, याचं कारण साधं आहे. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या देशभरच्या प्रणालीत आहेत, आणि तुमच्या गावच्या ठाण्याकडे चौकशी गेली की तिथल्या गोपनीय शाखेचा अंमलदार रजिस्टरही चाळतो. तिथे नाव निघालं आणि फॉर्मवर 'नाही' असलं, की मूळ भांडण किरकोळ असूनही प्रश्न तुमच्या खरेपणाचा होतो. सरकारी नोकरीतल्या पडताळणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात हा विषय तपशिलाने हाताळला आहे. खरी माहिती दिली तरी पूर्वेतिहास तपासून निर्णय घ्यायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. किरकोळ प्रकरण लपवलेलं असेल तर ते माफ करायचं की नाही हेही त्याच्याच मर्जीवर. म्हणजे सांगितल्याने पास मिळेलच अशी खात्री नाही, पण लपवलं तर तुमच्या बाजूने बोलायला काही उरत नाही. पास ही काही सरकारी नोकरी नव्हे, तरी फाईल बघणाऱ्याची नजर हीच असते.

फॉर्मला काय जोडायचं ते सांगतो. एफआयआरची प्रत, दोषारोपपत्राची प्रत आणि लोक अदालतीच्या निवाड्याची न्यायालयाकडून घेतलेली प्रमाणित प्रत. मोबाइलवर काढलेला फोटो किंवा वकिलाने लिहून दिलेलं पत्र चालत नाही. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे ई-कोर्ट्सवरचा 16 अक्षर-अंकांचा क्रमांक, अर्जासोबतच्या निवेदनात टाका. तपासणाऱ्याला एका मिनिटात खात्री करता येते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलंच नसेल तर पोलिसांनी कोणती समरी (तपास बंद करतानाचा अहवाल) न्यायालयात पाठवली ते बघा. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ब समरी म्हणजे तक्रारच खोटी, क समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ब किंवा क समरी न्यायालयाने मंजूर केल्याचा आदेश तुमच्या फाईलला फार कामाचा. आणि ती फक्त अदखलपात्र नोंद, म्हणजे 'एनसी' असेल तर तेही स्पष्ट लिहा; बरेच जण एनसीलाच 'केस' म्हणतात आणि स्वतःच्या डोक्याला ताप लावून घेतात.

आणखी एक. केस मिटली तरी ठाण्याच्या नोंदीत ती अनेकदा 'न्यायप्रविष्ट' अशीच पडून राहते, कारण निकाल ठाण्यापर्यंत पोचवण्याची घाई कुणालाच नसते. तुमची चौकशी तिथे पोचण्याआधी निवाड्याची प्रत स्वतः नेऊन द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. हे एक काम केलं तर बाकीचं निम्मं सोपं होतं.

आता व्यवस्थेबद्दल थोडं. आयकाओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या परिशिष्ट 17 मध्ये सगळ्या देशांसाठी मूळ नियम आहे: विमानतळाच्या प्रतिबंधित भागात कुणाच्या सोबतीशिवाय वावरणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी आधी तपासायची, आणि नंतरही वेळोवेळी तपासत राहायची. ओळख, आधीचं काम, गुन्ह्यांची नोंद आणि सुरक्षेशी संबंधित इतर माहिती, असं त्याचं स्वरूप. भारतात हे बीसीएएस, म्हणजे ब्यूरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी, बघतं. गेटवर पास तपासणारे बहुतेक मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, जवान असतात. अर्ज तुम्ही स्वतः करू शकत नाही. कंपनीचा अधिकृत सही करणारा माणूस, ज्याला सगळे 'ऑथराइज्ड सिग्नेटरी' म्हणतात, तो तुमच्या वतीने करतो आणि तुमच्या माहितीची जबाबदारीही घेतो. म्हणून 'पैसे द्या, एअरपोर्टचा पास काढून देतो' म्हणणारा कुणीही भेटला तर तो फसवतो आहे हे नक्की समजा.

कंपनीने एखाद्या खासगी एजन्सीकडून करून घेतलेलं व्हेरिफिकेशन वेगळं. ती एजन्सी जुन्या एचआरला फोन करते, मार्कशीट तपासते, आणि 'ग्रीन', म्हणजे सगळं ठीक असल्याचा, रिपोर्ट देते. तो आला म्हणजे सरकारी पडताळणी झाली असं होत नाही. अ‍ॅव्हसेक अवेअरनेसचं, म्हणजे विमान सुरक्षेची ओळख करून देणारं, प्रशिक्षणही वेगळं. त्याचं सर्टिफिकेट फाईलला लागतं, पण त्याने पार्श्वभूमी सिद्ध होत नाही. शिवाय कंपनीलाही स्वतःची सुरक्षा मंजुरी लागते. मे 2025 मध्ये सेलेबी या ग्राउंड हँडलिंग (विमानतळावर सामान आणि विमानांची जमिनीवरची कामं बघणाऱ्या) कंपनीची मंजुरी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन काढून घेतली गेली, तेव्हा तिथल्या कामगारांना दुसऱ्या कंपन्यांत सामावून घ्यायची वेळ आली. त्यात कामगारांच्या वैयक्तिक फायलींचा काही संबंध नव्हता.

आता तुमच्या खोल्यांकडे येतो, कारण माझ्या मते तुमची फाईल अडली तर केसमुळे नाही, यामुळेच अडेल. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस दर वर्षी पत्ता बदलतो, आणि पत्ता बदलला की बहुतेकदा पोलीस ठाणंही बदलतं. फॉर्ममध्ये तीन पत्ते दिले की चौकशी तीन ठिकाणी जाऊ शकते. जुन्या खोलीवर अंमलदार गेला, तिथे आता तिसराच भाडेकरू, शेजारी म्हणतात 'असं कुणी इथे नव्हतं', आणि शेरा येतो: 'दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' हा शेरा गुन्ह्याच्या नोंदीपेक्षा जास्त फायली परत पाठवतो. त्यावर उपाय आधीच करायचा. प्रत्येक पत्त्याचा नोंदणी झालेला करारनामा काढून ठेवा, घरमालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली असेल तर त्याची पोच मागून घ्या, आणि जुन्या घरमालकाला व एका शेजाऱ्याला फोन करून सांगून ठेवा की चौकशी येईल. पत्ता लिहिताना खोली क्रमांक, चाळीचं किंवा सोसायटीचं नाव, जवळची खूण, पिनकोड आणि पोलीस ठाणं, सगळं. 'देवळाजवळ, नवी वस्ती' एवढ्यावर कुणी तुमचं दार शोधत बसणार नाही. हद्द कोणत्या ठाण्याची हे अंदाजाने लिहू नका, ठाण्यात विचारून लिहा. चुकीच्या ठाण्यात गेलेला कागद 'हद्दीत नाही' असा शेरा घेऊन परत येतो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून.

मधले सात महिने रिकामे सोडू नका. लोकांना वाटतं बेकारी लिहिली की वाईट दिसेल, म्हणून ते आधीच्या नोकरीची तारीख पुढे ताणतात. मग पीएफच्या यूएएन खात्यातली सेवा सोडल्याची तारीख वेगळी निघते आणि खोटं सापडतं. सरळ लिहा: अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत नोकरी नाही, मुक्काम अमुक पत्त्यावर, खर्च वडिलांच्या उत्पन्नातून. तपासणाऱ्याला तुमच्या बेकारीत रस नसतो, त्या काळात तुम्ही कुठे होता यात असतो. युरोपीय संघाच्या नियमांत तर किमान गेल्या पाच वर्षांतली नोकरी, शिक्षण आणि मधले खंड असं थेट लिहिलेलं आहे, आणि ब्रिटनमध्ये 28 दिवसांपेक्षा मोठ्या खंडाचा खुलासा मागतात. ठेकेदाराकडे रोखीने काम केलं असेल तर ठेकेदाराचं पत्र, हजेरी कार्ड, बँकेतल्या जमा नोंदी, मिळेल ते जोडा. परदेशात राहून आला असाल तर त्या देशाचं पोलीस क्लिअरन्स लागू शकतं. ते तिथून मागवायला वेळ लागतो, म्हणून मागण्याची वाट बघू नका.

नावाचं दुखणं आपल्याकडे वेगळंच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तू', पॅनवर नुसतं 'डी.', बँकेत मधलं नावच नाही. माणसाला हे एकच वाटतं, संगणकाला चार माणसं दिसतात. जन्मतारखेचंही तेच: शाळेत गुरुजींनी 1 जून लावली, जुन्या आधारवर फक्त जन्मवर्ष, आणि मतदार कार्डावर तिसरंच काही. अर्ज जाण्याआधी आधार दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मग बाकीचे त्याप्रमाणे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद असेल तर तीही जोडावी, आणि फॉर्ममध्ये 'पूर्वीचं नाव' हा रकाना न चुकता भरावा. जुन्या नावावरची चौकशी झालीच नाही असं नंतर लक्षात आलं तर सगळं परत फिरतं.

किती दिवस लागतील? मी आकडा देणार नाही. पत्ते किती, ठाणी किती, त्यातलं एखादं दुसऱ्या राज्यात आहे का, मध्ये निवडणूक किंवा सणांचा बंदोबस्त आला का, यावर सगळं अवलंबून आहे. फाईल कुठे आहे हे सिग्नेटरीला विचारा, ठाण्यात रोज खेटे घालू नका. अंमलदाराने बोलावलं की मूळ कागद आणि दोन छायाप्रतींचे संच घेऊन त्याच दिवशी जा. 'बोलावूनही आला नाही' हा शेरा पुसायला फार जड जातो.

दरम्यान कंपनीने दुसऱ्या पासधारकाच्या सोबतीने आत नेलं, तर त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जायचं नाही, शौचालयापर्यंतसुद्धा त्याला सांगून. 'पाच मिनिटं एकटा जाऊन ये' असं सुपरवायझर म्हणाला तरी पकडले जाल तुम्ही, आणि तेव्हा तुमची पडताळणी अजून चालूच असेल.

या सगळ्याला किती अर्थ आहे, असंही तुम्ही विचारलं आहे. मर्यादित आहे, हे मान्य. पार्श्वभूमी तपासणी मागचं बघते, उद्याचं नाही. अमेरिकेत बोटांचे ठसे घेऊन गेल्या 10 वर्षांतले ठरावीक गुन्हे तपासतात, तरी ऑगस्ट 2018 मध्ये सिअ‍ॅटलच्या विमानतळावर वैध पास असलेल्या एका ग्राउंड कर्मचाऱ्याने रिकामं विमान पळवलं आणि पाडलं. त्याच्या फाईलमध्ये अडवण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच एकदा तपासून विषय संपत नाही. अमेरिकेत पासधारकाला अशा गुन्ह्यात शिक्षा झाली तर 24 तासांत स्वतःहून कळवून पास जमा करावा लागतो. आपल्याकडेही पास मिळाल्यानंतर नवा गुन्हा दाखल झाला तर सिग्नेटरीला लगेच लेखी कळवा. नूतनीकरणाच्या वेळी तो निघणारच आहे.

पास हातात आल्यावर त्यावर कोणत्या भागांची परवानगी आहे ते नीट बघा. कार्गोचा पास घेऊन प्रवासी टर्मिनलमध्ये मित्राला भेटायला गेलात तर तो नियमभंगच. हरवला तर शिफ्ट संपायची वाट न बघता कंपनीला आणि पोलिसांना कळवा. आणि याआधी दुसऱ्या एखाद्या हँडलिंग कंपनीत काम केलं असेल, तर तिथला पास जमा झाला आहे ना, हे आजच तपासा. 1987 च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात पीएसए (पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्स) या कंपनीचं 1771 क्रमांकाचं विमान पडून 43 जण गेले. कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्याने परत न घेतलेलं ओळखपत्र दाखवून रिव्हॉल्व्हर आत नेलं होतं. तेव्हापासून जमा न झालेल्या पासकडे कुणीच हलक्याने बघत नाही. जुन्या कंपनीकडून पास जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या आणि नव्या अर्जाला जोडा. पावती नसेल तर जुन्या सिग्नेटरीकडून तसं पत्र आणा, कारण तुमच्या नावावर आधीचा पास चालू दिसत असताना दुसरा अर्ज पुढे सरकत नाही.