वाचकांचे प्रश्न: अमेरिकेतले ‘पब्लिक हेल्थ’ सर्टिफिकेट घ्यावे का?

अमेरिकन विद्यापीठांच्या ‘पब्लिक हेल्थ फंडामेंटल्स’ किंवा तत्सम नावाच्या ग्रॅज्युएट सर्टिफिकेटबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी बीएएमएस असून नाशिकला दवाखाना चालवतो. इंटरनेटवर काही हजारांत पब्लिक हेल्थचे सर्टिफिकेट मिळते आणि अमेरिकन विद्यापीठाचे काही लाखांत. दोन्ही ऑनलाइनच. मग फरक कशाचा?

फरक क्रेडिटचा, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या अभ्यासाच्या एककांचा. स्वस्त कोर्सच्या शेवटी एक प्रमाणपत्र मिळते, पण विद्यापीठाच्या नोंदवहीत तुमचे नाव लागत नाही. ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला रीतसर प्रवेश घ्यावा लागतो, ग्रेड मिळतात आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिका, निघते. पुढे एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थमधली पदव्युत्तर पदवी, करायचे ठरले, तर उपयोग याच ट्रान्सक्रिप्टचा.

अशी सर्टिफिकेट साधारण १२ ते १८ क्रेडिटची असतात, म्हणजे तीन क्रेडिटचे चार ते सहा विषय. ‘फंडामेंटल्स’मध्ये बहुधा पाच जुनी क्षेत्रे येतात: एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्र, बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे जैवसांख्यिकी, पर्यावरण व आरोग्य, आरोग्यसेवांचे धोरण व व्यवस्थापन, आणि सामाजिक व वर्तनविषयक शास्त्र. सीईपीएच ही तिथल्या पब्लिक हेल्थ अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद. तिने २०१६ मध्ये निकष बदलले आणि पाच विषयांऐवजी पायाभूत ज्ञानाची १२ उद्दिष्टे व एमपीएचसाठी २२ क्षमता ठरवल्या. तरीही बऱ्याच सर्टिफिकेटांची रचना अजून त्या पाच विषयांवरच उभी आहे. त्यात वावगे काही नाही.

फीचा हिशेब करताना जाहिरातीतला ‘प्रति क्रेडिट’ आकडा पुरेसा नसतो. समजा, एका क्रेडिटचे ८०० डॉलर आहेत. १५ क्रेडिटचे १२,००० झाले. त्यावर दर सत्राची तंत्रज्ञान फी, अर्जाची फी आणि भारतीय गुणपत्रिका तिकडच्या मापात बसवून घेण्याचा, म्हणजे मूल्यांकनाचा, खर्च चढतो. प्रवेशाआधी सगळ्या सत्रांची मिळून एकूण रक्कम लेखी मागा.

आमचे मत विचाराल तर, एमपीएच करायचे नक्की नसेल आणि फक्त विषय समजून घ्यायचा असेल, तर स्वस्त कोर्स किंवा चांगले पाठ्यपुस्तक पुरेसे आहे. लाखो रुपये क्रेडिटसाठी मोजायचे असतात. क्रेडिट वापरायचे नसेल तर ते मोजण्यात अर्थ नाही.

मी बीडीएस आहे. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर न्यू जर्सीत राहते. एकदम एमपीएचला जाण्याऐवजी आधी सर्टिफिकेट करावे का? ते क्रेडिट नंतर धरतात का?

एच-४ वर शिकता येते, पूर्णवेळही आणि अर्धवेळही. नोकरीसाठी मात्र ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, लागते, आणि सर्टिफिकेट मिळाल्याने ती मिळत नाही. तुमच्यासाठी सर्टिफिकेट हा बरा मार्ग आहे, कारण दोन-तीन विषय घेऊन झेपते का ते पाहता येते. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठात चौकशी करताना रहिवाशांची कमी फी एच-४ धारकाला लागू होते का, हे रेसिडेन्सी ठरवणाऱ्या कार्यालयाला विचारा. प्रवेश विभागाला नेहमीच ते ठाऊक असते असे नाही.

क्रेडिटबाबत तीन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरे जपून ठेवा. पहिला: याच विद्यापीठाच्या एमपीएचला सर्टिफिकेटचे सगळे क्रेडिट धरले जातात का? बहुतेक ठिकाणी धरतात, पण किमान ‘बी’ ग्रेडची अट असते. दुसरा: किती वर्षांपर्यंत? जुने झालेले क्रेडिट बाद करणारी विद्यापीठे आहेत. तिसरा: सर्टिफिकेट हातात पडल्यावरही तेच क्रेडिट पदवीत चालतात, की पदवीला प्रवेश घेऊन दोन्ही एकत्र चालवावे लागते? गोंधळ नेमका इथे होतो. काही विद्यापीठांत एकदा प्रमाणपत्र दिले की ते क्रेडिट ‘वापरून झाले’ असे मानतात.

दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर सहसा मोजकेच क्रेडिट हलवता येतात. सीईपीएचच्या नियमाने एमपीएच किमान ४२ सेमिस्टर क्रेडिटचे असते. त्यातले १५ आधीच झाले असले तर मोठा टप्पा सरतो, सहाच धरले तर फारसा फायदा नाही. म्हणून ज्या विद्यापीठात पदवी करायची, सर्टिफिकेटही तिथेच घ्या.

आणखी एक. यातून अमेरिकेत दातांची प्रॅक्टिस करण्याचा परवाना मिळत नाही. ती वाट पूर्ण निराळी आहे.

नोकरी सांभाळून भारतातून ऑनलाइन करणे झेपेल का? गणित सोडून बारा वर्षे झाली. बायोस्टॅटची धास्ती वाटते. (पुणे, कोल्हापूर आणि अकोला येथून आलेली पत्रे)

आधी वेळेचे बघू. १५ आठवड्यांच्या सत्रात तीन क्रेडिटच्या विषयाला आठवड्याला साधारण नऊ तास धरायचे: तीन वर्गाचे, सहा घरच्या अभ्यासाचे. तोच विषय साडेसात-आठ आठवड्यांत उरकणारी विद्यापीठे आहेत. तिथे हेच अठरा तास होतात. ‘फक्त आठ आठवडे’ वाचून लोक दोन विषय घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात कोलमडतात. नोकरी असेल तर छोट्या सत्रात एकच विषय घ्या, आणि बायोस्टॅट शक्यतो लांब सत्रात घ्या.

थेट वर्ग आहेत का तेही पाहा. न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी सातचा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला असतो. नोव्हेंबरात घड्याळ बदलते, तेव्हा हमखास कुणीतरी वर्ग चुकवतो. गटात करायच्या प्रकल्पांच्या बैठकाही याच वेळी पडतात.

आता बायोस्टॅट. त्यात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) येत नाही. अपूर्णांक, टक्केवारी, लॉगॅरिदमची जुजबी ओळख आणि आलेख वाचता येणे एवढे पुरते. अडते ते अर्थ लावताना. एक कल्पित उदाहरण घ्या. लग्नात २०० जण जेवले. बासुंदी खाल्लेल्या १२० जणांपैकी ४८ आजारी पडले, न खाल्लेल्या ८० पैकी ८. आजाराचे प्रमाण ४० टक्के आणि १० टक्के, म्हणून सापेक्ष धोका ४. ऑड्स रेशो काढताना आजारी व निरोगी यांचे गुणोत्तर घेतात: ४८ भागिले ७२, आणि ८ भागिले ७२. या दोहोंचे गुणोत्तर ६. आकडे तेच, उत्तरे दोन. आजार दुर्मिळ असेल तर ही उत्तरे जवळ येतात. इथे २०० तले ५६ आजारी, म्हणून ती लांब गेली. विद्यार्थी ऑड्स रेशो ६ पाहून ‘धोका सहा पट’ लिहितात आणि गुण घालवतात. केस-कंट्रोल अभ्यासात, म्हणजे रुग्ण आणि निरोगी असे दोन गट निवडून त्यांची तुलना करताना, रुग्ण किती आणि निरोगी किती घ्यायचे हे संशोधकच ठरवतो, त्यामुळे तिथे धोका थेट काढता येत नाही आणि ऑड्स रेशोवर भागवावे लागते. हे कारण समजले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

दुसरी नेहमीची चूक विश्वास-अंतरालाची (कॉन्फिडन्स इंटरव्हल). दोन गटांत काहीच फरक नसेल तर गुणोत्तर १ येते आणि वजाबाकी ०, म्हणून गुणोत्तर असेल तर ९५ टक्के अंतरालात १ येतो का हे पाहायचे, वजाबाकीने काढलेला फरक असेल तर ०. लोक दोन्हीकडे ० शोधतात.

स्वतःला जोखायला हे गणित सोडवा. दहा हजारांत १ टक्का लोकांना आजार आहे. चाचणी ९० टक्के रुग्ण ओळखते आणि ९५ टक्के निरोगींना बरोबर निरोगी ठरवते. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे रुग्ण किती? (१०० रुग्णांपैकी ९० पॉझिटिव्ह, ९,९०० निरोगींपैकी ४९५ चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५८५, म्हणजे खरे रुग्ण सुमारे १५ टक्के.) हे कागदावर जमले तर धास्ती सोडा. जमले नाही तर सत्राआधी महिनाभर रोज अर्धा तास असली उदाहरणे करा आणि आर हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर चढवून ठेवा. ऐन पहिल्या गृहपाठाच्या रात्री ते बसवण्याची धडपड नको.

पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. अर्ज अडेल का?

अडतो, पण सुटतो. आपल्याकडे अनेक गुणपत्रिकांवर आडनाव आधी येते, मधले नाव वडिलांचे असते आणि लग्नानंतर तिथे नवऱ्याचे येते. तिकडच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने भरा, ‘पूर्वीचे नाव’ या रकान्यात पदवीवरचे नाव अक्षरशः तसेच लिहा आणि विवाह नोंदणी दाखला जोडा. नाव राजपत्रात बदलले असेल तर त्याची प्रतही द्या.

गुणपत्रिकांचे मूल्यांकन विषयवार मागवा, केवळ पदवीचे नको. मूल्यांकन संस्थेला ट्रान्सक्रिप्ट बहुधा विद्यापीठाकडूनच लागते, तुम्ही पाठवलेली झेरॉक्स चालत नाही. आरोग्यशाखांच्या पदवीधरांना त्यासाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ गाठावे लागते, मात्र १९९८ मध्ये ते स्थापन होण्याआधीच्या तुकड्यांनी आपल्या जुन्या विद्यापीठाकडे जावे. प्रवेशाच्या मुदतीआधी तीन-चार महिने हे काम हाती घ्या. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोनच वर्षे चालतात, तेव्हा ती परीक्षा फार लवकर देऊ नका.

सर्टिफिकेटसाठी विद्यार्थी व्हिसा मिळतो का?

ऑनलाइन कोर्सवर नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यास मोजताना एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय किंवा तीन क्रेडिट धरतात. वर्गात चालणारे, पूर्णवेळ सर्टिफिकेट असेल आणि विद्यापीठ आय-२० हे व्हिसासाठी लागणारे पत्र देत असेल तरच विचार करा.

मी सातारा जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. या सर्टिफिकेटमुळे बढती किंवा वेतनवाढ मिळेल का?

ते गृहीत धरून पैसे भरू नका. सरकारी पदासाठी सेवाप्रवेश नियमात किंवा जाहिरातीत जी अर्हता छापलेली असते तीच मोजतात. परदेशी ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पदवी नाही. सीपीएच या अमेरिकन व्यावसायिक परीक्षेचा विचार असेल, तर सीईपीएचमान्य एमपीएचच्या विद्यार्थ्यांना व पदवीधरांना ती थेट देता येते, इतरांना कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तुमच्या उपकेंद्रातली असंसर्गजन्य आजारांची तपासणी, लसीकरण आणि साथीची नोंद हे सगळे अनुभवात सांगण्यासारखे आहे. नेमणूक आदेश आणि कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र वरिष्ठांच्या सहीने आत्ताच इंग्रजीत करून घ्या, कारण साहेबांची बदली झाली की ती सही मिळवायला दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते.