मुदत दोन वर्षांची नाही, साठ दिवसांची आहे

प्रश्न : ठाण्यात वागळे इस्टेटला भाड्याच्या गाळ्यात माझा फ्रोझन मालाचा छोटा व्यवसाय आहे. उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, कोथिंबीर वडी बनवून दुकानांना देते. गणपतीच्या आठवडाभर आधी गुरुवारी रात्री अकराला वीज गेली, ती रविवारी दुपारी बाराला आली. मध्ये शुक्रवारी संध्याकाळी ६.२० ते ७ एवढा वेळ होती. जमिनीखालच्या केबलचा जॉइंट गेला, असं लाइनमन म्हणाला. ३ लाख ४० हजारांचा माल खराब झाला, तो कचऱ्याच्या गाडीत टाकला. दोन फ्रीजर वाचवायला शेजारच्या गाळ्यातून वायर घेतली होती. मीटर गाळ्याच्या मालकाच्या नावावर आहे. भरपाई मिळेपर्यंत बिल भरायचं नाही असं ठरवलं होतं, आता वीज तोडण्याची नोटीस आली आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते असं समजलं, म्हणून सीझन संपेपर्यंत थांबले. आज ४७ दिवस झाले. भरपाई कशी मिळेल?

उत्तर : दोन वर्षांची गोष्ट तुम्हाला ज्यांनी सांगितली त्यांनी अर्धंच सांगितलं. वीज ग्राहकांसाठीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, हे बरोबर आहे. पण वीज वेळेत परत आली नाही म्हणून नियमाने मिळणारी भरपाई आधी वितरण कंपनीकडे लेखी मागावी लागते, आणि ती मागायला राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांत साठ दिवस दिले आहेत. तो अर्जच दिला नसेल तर दोन वर्षांच्या आत मंचापुढे जाऊनही पहिला प्रश्न हाच येतो की, कंपनीकडे मागणी कधी केली? गाळेधारकांच्या, दुकानदारांच्या पत्रांत हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. एरवी दोन रुपयांच्या हिशेबाला पक्की असलेली माणसं या एका तारखेला चुकतात, याचं फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे पत्र लिहिताना तेरा दिवस उरले होते. साठावा दिवस ऐन दिवाळीच्या तोंडावर येतो, तेव्हा उपविभागीय कार्यालयात शिक्का मारायला माणूस सापडणार नाही. साठ दिवस वीज परत आल्यापासून मोजायचे, असा वाद घालता येतो, पण तो वाद कशाला अंगावर घ्यायचा? गुरुवार रात्रीपासून मोजा आणि या आठवड्यातच अर्ज द्या.

अर्ज एका पानाचा पुरे. वर बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट. मग वीज कधी गेली, कधी आली, तारीख आणि तास-मिनिटांसह. मग तक्रार कोणाकडे, कधी नोंदवली. शेवटी एक वाक्य: आयोगाच्या २०२१च्या पुरवठा संहिता व कृतीची मानके विनियमांनुसार, ठरलेल्या वेळेत वीजपुरवठा पूर्ववत न केल्याबद्दल भरपाई द्यावी. पाल्हाळ नको, गणपतीच्या ऑर्डरी गेल्याचं दुःखही या कागदावर नको. दोन प्रती न्या. एक उपविभागीय कार्यालयाच्या आवक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील’ असं म्हणाले तर ठेवून येऊ नका. पोच मिळालीच नाही तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि कार्यालयाच्या ईमेलवरही टाका. एक प्रत कार्यकारी अभियंत्याला. (कळवा, मुंब्रा, शिळ भागात वितरण फ्रँचायझीकडे आहे. तिथल्या वाचकांनी अर्ज फ्रँचायझीला द्यावा आणि प्रत मूळ परवानाधारक कंपनीला द्यावी.)

तुमच्या पत्रात तक्रार क्रमांक कुठेच नाही, लाइनमन काय म्हणाला एवढंच आहे. लाइनमनचा मोबाइल म्हणजे तक्रार नोंदवही नव्हे. १९१२ वर फोन केला की क्रमांक मिळतो, आणि कंपनी किती तास उशिरा आली ते त्या नोंदीच्या वेळेपासून दाखवता येतं. तुम्ही तो फोन केला नसेल तर त्याच फीडरवरच्या (सबस्टेशनहून येणाऱ्या त्याच लाइनवरच्या) शेजारच्या गाळ्यांपैकी कोणीतरी केलाच असेल. त्यांचा क्रमांक आणि त्यांची सही असलेलं दोन ओळींचं पत्र जोडा. कंपनीकडून वीज गेल्याचा किंवा परत आल्याचा एसएमएस आला असेल तर तो मोबाइलमधून पुसू नका. स्क्रीनशॉट पुरतो असं समजू नका, पुढे लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद खरी असल्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी हवा.

सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्या गाळ्याच्या भिंतीवर आहे. थ्री-फेज इलेक्ट्रॉनिक मीटर दर अर्ध्या तासाची नोंद स्वतःत ठेवतो, तिला लोड सर्व्हे म्हणतात. वीज गेल्या-आल्याच्या वेळाही त्यात असतात. कंपनीचा माणूस मीटरला यंत्र जोडून ही नोंद उतरवतो, बोलीभाषेत त्याला ‘एमआरआय काढणं’ म्हणतात. कागदावर ती अशी दिसते: रात्री अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे, मग शून्यांची रांग, शुक्रवारी संध्याकाळी एक-दोन रकान्यांत थोडे युनिट, आणि पुन्हा रविवारच्या दुपारपर्यंत शून्यं. या कागदापुढे ‘आमच्या रजिस्टरप्रमाणे वीज शनिवारीच आली होती’ असं म्हणणं टिकत नाही. पण मीटरची स्मृती मोजकी असते. मीटरच्या जातीनुसार काही आठवड्यांची नोंद राहते आणि नवी नोंद जुनीला पुसत जाते. ४७ दिवसांनंतर तुमची नोंद शिल्लक असेल की नाही, ते खात्रीने सांगता येत नाही. त्याच अर्जात, वेगळ्या परिच्छेदात, एमआरआय काढून प्रत देण्याची मागणी करा. तसं केलं तर नोंद पुसली गेली तरी मागितल्याचा पुरावा तुमच्याकडे राहतो. सबस्टेशनच्या फीडर लॉगशीटची प्रत माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागता येते, पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात. त्याची वाट पाहत भरपाईचा अर्ज थांबवू नका.

ती शुक्रवारची चाळीस मिनिटं दिसायला किरकोळ आहेत, पण कंपनी तिथेच बोट ठेवेल. वीज एकदा आली, मग वेगळा बिघाड झाला, म्हणून घड्याळ पुन्हा शून्यापासून लावा, असा तो युक्तिवाद असतो. पावसात घाईघाईने केलेला जॉइंट लाइनमध्ये वीज सोडल्यावर पुन्हा फुटला तर तो नवा बिघाड नव्हे, अपुरी राहिलेली जुनी दुरुस्ती आहे. हे अर्जात स्पष्ट लिहा. आणि तुकडे वेगळे धरले तरी दुसरा तुकडा ४१ तासांचा होतो. विनियमांत फ्यूज, ओव्हरहेड लाइन, भूमिगत केबल, ट्रान्सफॉर्मर यांना वेगवेगळी मुदत आहे, पण शहरी भागासाठी एवढी मोठी मुदत कशालाच नाही. पूर, वादळ, वीज कोसळणं, किंवा १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाणे अंधारात गेलं तसा ग्रिडचा बिघाड असेल तर कंपनीला सूट मिळू शकते. पावसाळ्यातला नेहमीचा पाऊस त्यात बसवायचा प्रयत्न होईल. तो बसेल असं वाटत नाही. रस्ता खोदणाऱ्या ठेकेदाराने केबल तोडली होती असं निघालं तर मात्र प्रकरण अवघड होतं.

आता पैशाचं. विनियमांची ही भरपाई उशिराच्या तासांवर ठरलेली असते आणि तुमच्या ३ लाख ४० हजारांपुढे ती फार लहान आहे. मंच मालाचं नुकसान देणार नाही: अप्रत्यक्ष नुकसान, बुडालेला नफा, हुकलेली संधी यांची भरपाई ग्राहकाला मिळणार नाही, असं आयोगाच्या मंचविषयक विनियमांतच लिहिलेलं आहे. मग एवढ्याशा रकमेसाठी धावपळ कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये सेवेतली ‘त्रुटी’ म्हणजे काय ते सांगताना, कायद्याने ठरवलेल्या दर्जात पडलेली कसर असा अर्थ दिला आहे. वितरण कंपनीने ठरलेली मुदत मोडली, हे एकदा कागदावर आलं की मोठ्या दाव्याचा पाया पडतो. तो पाया साठ दिवसांतच घालायचा असतो.

मोठा दावा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. तिथली मुदत खरोखर दोन वर्षांची आहे. पण तिथे हमी देता येत नाही. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्या कायद्याबाहेर आहे. स्वतः राबून, उपजीविकेसाठी केलेला धंदा तेवढा आत येतो. तुम्ही स्वतः मोदक वळायला बसता की माणसं ठेवून फक्त हिशेब बघता, यावर बरंच अवलंबून आहे. आणि कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलेलं असलं तरी वर्षं जातात. लहान धंदेवाल्याला हा उशीर मूळ नुकसानाइतकाच जड जातो, आणि त्याची लाज व्यवस्थेला वाटायला हवी.

तिथे खरा प्रश्न असेल, माल नेमका कधी खराब झाला? गच्च भरलेला डीप फ्रीजर झाकण न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणजे कंपनीने ठरलेल्या मुदतीत वीज आणली असती तर तुमचा बराच माल वाचला असता. नुकसान वीज जाण्याने नाही, उशिराने झालं, हे तुम्ही सिद्ध करायला हवं. त्यासाठी लागणारा पुरावा तुम्ही कचऱ्याच्या गाडीत टाकलात. विरघळलेला माल पुन्हा गोठवून विकला नाहीत, हे अगदी योग्य केलंत. पण टाकण्याआधी वजनकाट्यावर ठेवलेल्या क्रेटचे फोटो, फ्रीजरच्या डिस्प्लेवरचं तापमान, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा पंचनामा, एवढं करायला अर्धा तास पुरला असता. आता खरेदीची बिलं, त्या आठवड्याचं उत्पादन रजिस्टर, रद्द झालेल्या ऑर्डरींचे मेसेज आणि गाडीवर माल चढवणाऱ्या कामगाराचं प्रतिज्ञापत्र यांवर उभं राहावं लागेल. तुमच्या सीएला हेही सांगा की नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह)प्रमाणे उलटवावं लागतं. नुकसान मागताना तो आकडाही धरा.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. फायर पॉलिसी असेल तर फार आशा धरू नका, शीतगृहातला माल तापमान बदलल्याने खराब होणं त्यात सहसा वगळलेलं असतं. त्यासाठी माल खराब होण्याची वेगळी पॉलिसी लागते. ती असेल तर आजच कळवा, उशिराचं कारण लिहून.

बिल मात्र लगेच भरा, हे लेखी अर्जाइतकंच तातडीचं आहे. विद्युत कायद्याच्या कलम ५६खाली पंधरा दिवसांची नोटीस संपली की कनेक्शन तोडता येतं. वादातली रक्कम हरकत राखून भरायची सोय त्या कलमात आहे, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती. पण तुमचं भांडण युनिटांबद्दल नाही, भरपाईबद्दल आहे, तेव्हा त्या सोयीचा आधार घेऊ नका. पूर्ण बिल भरा आणि पत्र द्या की भरपाईचा हक्क राखून भरत आहे. थकबाकीदार म्हणून मंचापुढे उभं राहणं तुमच्या बाजूला मारक ठरेल.

शेजारची वायर अजून असेल तर आज काढा. एका गाळ्याची मंजूर वीज दुसऱ्या गाळ्यात वापरणं विद्युत कायद्याच्या कलम १२६प्रमाणे अनधिकृत वापर आहे. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासूनचा ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. यात अडकेल तो तुम्हाला मदत करणारा शेजारी. त्याला नोटीस आली असेल तर त्याने वकील गाठावा, कारण अंतिम आदेशावर अपील तीस दिवसांत आणि निम्मी रक्कम भरूनच करता येतं. पुढच्या वेळी भाड्याचा जनरेटर आणा. पाच एचपीचा कॉम्प्रेसर चालताना पावणेचार किलोवॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना कित्येक पट ओढतो, म्हणून पाच केव्हीएच्या सेटवर तो उचलणार नाही, पंधरा केव्हीएचा मागा. चेंजओव्हर स्विचशिवाय (कंपनीची लाइन तोडून जनरेटरची जोडणारा स्विच) जनरेटर जोडू देऊ नका, उलटी गेलेली वीज खांबावर किंवा खड्ड्यात काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेते. भाड्याची आणि डिझेलची पक्की बिलं घ्या, ती पुढे दाव्यात लागतात.

मीटर मालकाच्या नावावर असणं ही मोठी अडचण नाही. ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही विद्युत कायद्याच्या कलम २(१५)प्रमाणे ग्राहक ठरतो. तरी मालकाचं संमतिपत्र आणि भाडेकरार अर्जाला जोडा, म्हणजे कारकुनाला अर्ज परत करायला सबब उरणार नाही.

कंपनीने नाकारलं किंवा गप्प बसली तर ठाणे आणि वाशी मंडळांसाठीचा मंच भांडुपला आहे. तिथे अर्जाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मंचाने साठ दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर विद्युत लोकपालांकडे जायलाही साठच दिवस असतात. हे साठ वेगळे, त्यांची गल्लत करू नका. आत्ता मोजायचे ते पहिले साठ. सोमवारी सकाळी कार्यालय उघडलं की आवक टेबलापाशी हजर राहा.