एकाच जातीच्या सुरवंटांतून निघालेल्या दोन माश्या: प्रजाती एक की दोन?

तुमचे फोटो पाहिले. एक माशी मोठी, पोटाच्या कडा तांबूस. दुसरी लहान आणि राखाडी. म्हणून प्रजाती दोन असाव्यात, असा तुमचा अंदाज. मला तसं वाटत नाही.

दोन्ही टॅकिनिड, म्हणजे ज्यांच्या अळ्या सुरवंटासारख्या दुसऱ्या कीटकांच्या अंगात वाढतात त्या माश्यांच्या कुळातल्या आहेत, यात शंका नाही. बाजूने काढलेल्या फोटोत स्क्युटेलमच्या, म्हणजे छातीच्या मागच्या त्रिकोणी भागाच्या खाली आणखी एक फुगीर उंचवटा दिसतोय. तो सबस्क्युटेलम. मांसमाशीच्या छातीवरही असेच काळे पट्टे असतात, पण तिच्यात हा फुगवटा असा ठळक नसतो.

आता आकार विसरा. एका सुरवंटात एकच अळी वाढली तर माशी दणकट होते, चार वाढल्या तर त्याच प्रजातीच्या माश्या खुरट्या निघतात. रंगाचंही फारसं खरं नाही. कपाळ बघा: मोठीचं अरुंद आहे आणि डोळ्यांच्या कडेला पुढे झुकलेले जाड केस नाहीत, लहानीला ते आहेत. बऱ्याच टॅकिनिडांमध्ये हे केस फक्त मादीला असतात, आणि नराच्या पोटाच्या कडा तांबूस असणंही नेहमीचंच. तेव्हा ही बहुधा नर-मादीची जोडी.

प्रजाती ठरवायची तर नराशी नर आणि मादीशी मादीच ताडून पाहा. तिरप्या उजेडात डोळ्यांवर बारीक लव आहे का, पाल्प, म्हणजे तोंडाजवळची बोटांसारखी स्पर्शकं, पिवळे की काळे, स्क्युटेलमच्या टोकाचे दोन केस एकमेकांना छेदतात का, पंखाच्या मुळाशी असलेल्या बेसिकोस्टा या छोट्या खवल्याचा रंग कोणता, हे सगळं टिपा. केस गळून पडला असला तरी त्याची खोबण उरते; मोजताना ती धरायची. एवढं करूनही जवळच्या प्रजाती अडतातच. मग नराचे जननावयव उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते फोटोत होणारं काम नव्हे.

कधी बाह्य लक्षणं पूर्णच हात टेकतात. कोस्टा रिकातल्या बेल्वोसिया या टॅकिनिड वंशाच्या माश्यांचं डीएनए बारकोडिंग झालं, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखल्या गेल्या; त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. अनेक प्रकारच्या सुरवंटांवर जगतात असं मानलेल्या तीन प्रजाती प्रत्यक्षात ठरावीक यजमानांना, म्हणजे ज्यांच्यात अळी वाढते त्या सुरवंटांना बांधलेल्या, दिसायला सारख्या अशा कितीतरी प्रजातींचे गट निघाले, आणि प्रजातींचा एकूण आकडा ३२ वर गेला. म्हणून सुरवंट कोणता होता हे माशीइतकंच महत्त्वाचं. तुम्ही त्याचा फोटो टाकलेला नाही, तो टाका.

पुढच्या खेपेला माशी कोषातून निघाल्यावर निदान एक दिवस जिवंत ठेवा. ताज्या माशीचा रंग फिका असतो आणि अंग मऊ, त्यामुळे वाळल्यावर ती सुरकुतते. रिकामा कोषही टाकू नका. त्याच्या मागच्या टोकावरच्या श्वासरंध्रांची ठेवण ओळखीला उपयोगी पडते. तोवर नोंदीत ‘टॅकिनिडी, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा.